दगड पडला त्या दिवशी आणि दहाव्या हिवाळ्यात : पिकअपच्या हौद्यातील ॲल्युमिनियम आणि पोलाद

२०१६ च्या जून महिन्यात अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने आपल्या सिल्व्हराडो १५०० या पिकअप ट्रकच्या जाहिरातीसाठी एक प्रात्यक्षिक केले. बागेत कठडे रचण्यासाठी वापरतात तसले ५५ ठोकळे लोडरच्या बकेटमध्ये भरले आणि सुमारे पाच फुटांवरून ते ट्रकच्या मोकळ्या हौद्यात ओतले. ठोकळ्यांचे एकूण वजन ८२५ पाउंड, म्हणजे सुमारे ३७४ किलो होते. एका बाजूला सिल्व्हराडोचा पोलादी हौदा होता आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी फोर्ड एफ-१५० चा ॲल्युमिनियमचा हौदा. पोलादी हौद्याला पोचे आले आणि रंगावर ओरखडे उमटले, पण ॲल्युमिनियमच्या तळाला आरपार भोके पडली. त्यानंतर २८.३ पाउंडांची, म्हणजे जेमतेम तेरा किलोंची, लोखंडी हत्यारपेटी हौद्याच्या कडेवर ठेवून आत ढकलण्यात आली आणि तिच्या कोपऱ्यानेही ॲल्युमिनियमचा पत्रा फाटला.

ही चित्रफीत पाहणाऱ्याच्या मनात एकच निष्कर्ष उरतो, तो म्हणजे पोलाद टिकाऊ आणि ॲल्युमिनियम कच्चे. प्रस्तुत अभ्यासाचा विषय हेच एक प्रकरण आहे. प्रात्यक्षिक खोटे होते असे मी म्हणत नाही, कारण जे दिसले ते धातूंच्या स्वभावाला धरूनच दिसले. प्रश्न असा आहे की जे दिसले त्याला ‘टिकाऊपणा’ म्हणता येईल का. हौदा पंधरा वर्षे वापरायचा असतो, आणि त्या चाचणीत काळ हा घटकच नव्हता. त्यात फक्त एक क्षण होता.

पार्श्वभूमी

फोर्डने २०१४ च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात नवी एफ-१५० लोकांपुढे ठेवली आणि २०१५ च्या मॉडेलपासून तिचे संपूर्ण शरीर, म्हणजे केबिन, दरवाजे, बॉनेट, हौदा आणि फाळका, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले. खालची चासी मात्र उच्चबल पोलादाचीच राहिली. ही गोष्ट चर्चेत अनेकदा निसटते आणि ‘ॲल्युमिनियमचा ट्रक’ असे सरसकट म्हटले जाते. कंपनीने वजनात ७०० पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१८ किलोंपर्यंत, घट झाल्याचे सांगितले. त्या घटीचा मोठा वाटा ॲल्युमिनियमच्या शरीराचा होता. काही वाटा हलक्या केलेल्या पोलादी चासीचा आणि इतर भागांचाही होता.

एवढा खटाटोप करण्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण इंधनाच्या वापराबाबतचे कडक होत चाललेले नियम. दुसरे कारण मालवाहू गाडीच्या मूळ कामाशी जोडलेले आहे. गाडीच्या एकूण अनुज्ञेय वजनातून तिचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते तेवढाच माल लादता येतो, त्यामुळे पत्र्यातून काढलेला प्रत्येक किलो मालाच्या खात्यात जमा करता येतो. २०१५ च्या एफ-१५० ची कमाल भारक्षमता योग्य त्या जोडणीत ३,३०० पाउंडांपर्यंत गेली, ती याच हिशेबातून.

ॲल्युमिनियमची गाडी बांधणे फोर्डला अगदी नवखे नव्हते. जग्वार ही कंपनी फोर्डच्या मालकीची असताना २००३ साली एक्सजे ही मोटार ॲल्युमिनियमच्या शरीरासह बाजारात आली होती आणि पत्रे वितळवून जोडण्याऐवजी रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी जोडण्याची विद्या तिथे पक्की झाली होती. पण आलिशान मोटारीच्या छपरावर कोणी दगड ओतत नाही. म्हणूनच फोर्डने नवी गाडी जाहीर करण्यापूर्वी ॲल्युमिनियमच्या हौद्याचे नमुना-ट्रक काही मोठ्या ग्राहकांना, त्यात नेवाडातील सोन्याच्या खाणीलाही, प्रत्यक्ष कामासाठी दिले होते आणि हौदा कशाचा आहे हे वापरणाऱ्यांना सांगितले नव्हते. थोडक्यात, हौद्याला मार बसणार हे कंपनीला ठाऊक होते. भोके पडू शकतात हेही तिला ठाऊक असणार, आणि तरीही तिने हा धातू निवडला. हा निर्णय कोणत्या हिशेबावर उभा होता हे समजून घेतल्याशिवाय प्रात्यक्षिकाचे मोल करता येत नाही.

घावाचे मोजमाप

आधी घाव किती मोठा होता ते पाहू. ३७४ किलो वजन दीड मीटरवरून पडले तर एकूण ऊर्जा साधारण ५,६०० जूल होते. आकडा दचकवणारा आहे, पण हे वजन एकसंध नव्हते. ५५ ठोकळ्यांत विभागले तर एका ठोकळ्याचे वजन १५ पाउंड, म्हणजे ६.८ किलो येते, आणि पाच फुटांवरून पडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. एका ठोकळ्याच्या वाट्याला सुमारे १०० जूल ऊर्जा येते.

आता हत्यारपेटी घेऊ. तेरा किलोंची पेटी हौद्याच्या कडेवरून तळापर्यंत, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी जास्त उंची पडली, तर तिची ऊर्जा ७० जूलच्या आसपास भरते. पेटीचा घाव एका ठोकळ्याच्या घावाहूनही हलका होता आणि तरीही त्याने भोक पाडले. या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील हाच आहे असे मला वाटते. ८२५ पाउंडांचा ढिगारा डोळ्यांत भरतो, पण पत्रा फाटण्याला एकूण वजन तेवढे कारण नाही, जेवढा कोपरा आहे. पेटीचा पत्री कोपरा काही चौरस मिलिमीटर जागेवर टेकतो आणि सगळी ऊर्जा तेवढ्याच जागेने पचवावी लागते. हेच वजन वाळूच्या पोत्याचे असते तर दोन्ही हौद्यांना ओरखडासुद्धा आला नसता. पडले तेही मोकळ्या, अस्तर नसलेल्या, कोऱ्या हौद्यात. तिथे पुढे यायचेच आहे.

पत्रा फाटतो कसा

पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट आहे आणि ॲल्युमिनियमची २.७ पट, म्हणजे वजनाला साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही तेवढाच कमी आहे. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे, ॲल्युमिनियमचा ७०. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पोलादाइतकाच ताठ पत्रा हवा असेल तर ॲल्युमिनियमची जाडी तिप्पट करावी लागत नाही, साधारण १.४ पट केली तरी पुरते आणि वजन निम्म्यावर येते. ॲल्युमिनियमच्या हौद्याचे सगळे अर्थकारण या एका हिशेबावर चालते. जाड पत्र्याचा आणखी एक लाभ म्हणजे गारा किंवा हलके ठोसे यांनी येणाऱ्या बारीक पोच्यांना तो सहजासहजी दाद देत नाही, कारण पोचा पडण्याला होणारा विरोध धातूच्या बळावर आणि जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो.

मग कोपऱ्याच्या घावाने तो हरतो कुठे? घाव जोराचा असला की पत्र्याला वाकून भागत नाही, त्याला ताणावे लागते. कोपऱ्याभोवतीचा धातू वाटीसारखा खाली ओढला जातो आणि जेवढा ताणला जाईल तेवढी ऊर्जा पचते. इथे दोन धातूंचे स्वभाव वेगळे होतात. गाडीच्या पत्र्याचे मऊ पोलाद तुटण्याआधी मूळ लांबीच्या ३५ ते ४० टक्के लांबू शकते, उच्चबल प्रकार त्याहून कमी लांबतात. गाडीच्या बाह्य पत्र्यांसाठी वापरले जाणारे ६००० मालिकेतील ॲल्युमिनियम, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेला मिश्रधातू, साच्यात दाबताना मऊ अवस्थेत असतो आणि तेव्हा तोही बराच ताणला जातो. पण नंतर गाडी रंगाच्या भट्टीतून जाते. तिथल्या १७०-१८० अंश सेल्सियसच्या उष्णतेत त्याच्या आत सूक्ष्म कण तयार होतात, धातू कठीण होतो, पोच्यांना जास्त विरोध करू लागतो आणि त्याच वेळी त्याची ताणले जाण्याची तयारी कमी होते. हे काम जाणूनबुजून केलेले असते. रोजच्या बारीक माराविरुद्ध जी ताकद मिळवली, तिची किंमत एखाद्या दिवशी पडणाऱ्या अणकुचीदार दगडासमोर चुकवावी लागते.

आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पोलादाला जेवढ्या वेगाने ताणावे तेवढे ते अधिक विरोध करते. सावकाश ओढलेल्या मऊ पोलादाच्या मानाने झटक्याने ओढलेल्या पोलादाचे बळ दीडपटीहूनही अधिक भरू शकते. उच्चबल पोलादात हा फरक कमी असतो, पण असतो. यामुळे पत्रा एका ठिकाणी बारीक होऊ लागला की ती जागा इतरांपेक्षा जास्त वेगाने ताणली जाते, म्हणून जास्त बळकट होते, आणि ताण आपोआप शेजारच्या धातूकडे सरकतो. परिणामी मोठ्या परिसरात पसरट पोचा येतो. नेहमीच्या तापमानाला ॲल्युमिनियमच्या अंगी हा गुण जवळजवळ नाही. एका जागी तो बारीक होऊ लागला की तिथेच होत राहतो, सगळा ताण त्या रेषेवर गोळा होतो आणि चीर पडते.

पत्र्याच्या कामात हात घातलेल्या कोणालाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दीड मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक मऊ पोलादाची आणि एक कठीण केलेल्या ६००० मालिकेतील ॲल्युमिनियमची. व्हाइसमध्ये धरून हातोडीने दुमडत न्याव्यात. पोलादाची पट्टी घडी घातलेल्या कागदासारखी स्वतःवर चपटी बसते आणि घडीच्या बाहेरच्या बाजूला फार तर खरखरीत पोत दिसतो. ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनापर्यंत धड येते, पण त्यापुढे घडीच्या पाठीवर आधी संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे उठतात, मग केसासारख्या रेषा उमटतात, आणि पट्टी पूर्ण मिटण्याआधीच त्या रेषा एकमेकींना मिळून ती तुटते. हौद्याच्या तळाला ताठपणासाठी पन्हळी दिलेल्या असतात. पन्हळीच्या कडेवर घाव बसला की पत्र्याला अशाच घट्ट घडीतून जावे लागते.

या संदर्भात ‘मिलिटरी-ग्रेड ॲल्युमिनियम’ या फोर्डच्या शब्दप्रयोगाविषयी बोलले पाहिजे. धातुशास्त्रात अशी प्रत अस्तित्वात नाही. अमेरिकी सैन्याच्या एम११३ या चिलखती वाहनाचे शरीर ॲल्युमिनियमचे आहे हे खरे, पण ते ५०८३ या वेगळ्या मिश्रधातूच्या जाड पाटांचे आहे. त्याची आणि पिकअपच्या पातळ पत्र्याची तुलना नावापलीकडे जात नाही. अवजड डंपरचे हौदेही ५००० मालिकेतील ॲल्युमिनियमच्या जाड पाटांचे बनवतात आणि त्यांत खडी-दगड वाहिले जातात. तेव्हा दगडापुढे ॲल्युमिनियम टिकत नाही असा सरसकट निष्कर्ष या प्रकरणातून निघत नाही. एका विशिष्ट मिश्रधातूचा, विशिष्ट जाडीचा आणि भट्टीत कठीण केलेला पत्रा अणकुचीदार घावाखाली फाटतो, एवढेच निघते. उलट बाजूला, सिल्व्हराडोचा पोलादी तळही साधा नव्हता. तो उच्चबल पोलादाचा होता आणि रोलांच्या मालिकेतून हळूहळू वळवलेला होता. साच्यात ठोकून बनवलेला पत्रा काही ठिकाणी ताणून पातळ होतो, तसे यात होत नाही. शेव्हरोलेच्या अभियंत्यांचे हे चांगले काम होते आणि प्रात्यक्षिकात त्याचे श्रेय त्यांना मिळाले, ते योग्यच झाले.

भोक आणि पोचा

भोक पडले म्हणजे हौदा गेला, असे मात्र नाही. हौद्याच्या तळाखाली आडव्या तुळया असतात आणि भार त्या वाहतात. पन्हळींच्या मधल्या पत्र्यात बोटाएवढे भोक पडले तर भारक्षमतेवर व्यवहारात फरक पडत नाही. वाळू किंवा धान्य सुटे भरणाऱ्याला मात्र ते आजच बुजवावे लागेल. लाकूड, सामान, यंत्रे वाहणाऱ्याला ते कुरूप दिसेल, पण त्याचे काम अडणार नाही.

चिंता असावी ती भोकाच्या कडेची. फाटलेला पत्रा खालच्या बाजूने पाहिला तर फुलाच्या पाकळ्यांसारखी त्रिकोणी टोके खाली वळलेली दिसतात. त्यांच्या मुळाशी रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि प्रत्येक दोन पाकळ्यांच्या मधे एक बारीक चीर पत्र्यात पुढे गेलेली असते. ती डोळ्यांना जिथे संपलेली दिसते त्याच्या पुढेही नखाला अडखळते. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा तळाचा पत्रा सतत थरथरतो. पोलादाच्या बाबतीत एका ठरावीक मर्यादेखालचे हेलकावे कितीही वेळा बसले तरी थकवा येत नाही, म्हणजे वारंवारच्या ताणाने तडा जात नाही, पण ॲल्युमिनियमला अशी निश्चित सुरक्षित मर्यादा नसते. त्यामुळे फाटलेल्या ॲल्युमिनियमच्या तळात चिरेच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचे गोल भोक ड्रिलने पाडून ती तिथेच थांबवणे हे पहिले काम आहे. टोकाशी एकवटलेला ताण गोल कडेवर पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. दुरुस्ती नंतर सवडीने केली तरी चालेल, पण हे काम टाळू नये.

दहावा हिवाळा

प्रात्यक्षिक संपले त्या क्षणी पोलादी हौदा जिंकला होता. आता त्या दोन हौद्यांना पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनच्या रस्त्यांवर दहा हिवाळे काढू दिले तर काय होईल, याचा विचार करू. त्या भागात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ आणि खारे पाणी मारतात आणि ते चाकांनी उडून गाडीच्या प्रत्येक फटीत जाते.

पोलादी पत्र्याचे रक्षण तीन थर करतात. सर्वांत वरचा थर रंगाचा, त्याखाली विद्युत-निक्षेपाने चढवलेला प्रायमर आणि त्याखाली जस्ताचा मुलामा, जो गाडीच्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला साधारण सात ते दहा मायक्रॉनचा असतो. ठोकळ्याच्या घावाने आलेला पोचा या तिन्ही थरांतून गेलेला असतो. जस्ताची खुबी अशी की ओरखडा लोखंडापर्यंत पोहोचला तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवते. पण सात मायक्रॉन जस्त किती दिवस पुरणार? पोच्याच्या तळाशी पाणी साचते, त्यात मीठ असते, आणि पोचा म्हणजे पाणी धरणारी वाटीच. जस्त संपले की तांबूस गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो शेजारच्या रंगाला आतून उचलतो, फोड येतो, फोड फुटतो आणि पुढचे लोखंड उघडे पडते. गंजाचा थर सच्छिद्र असल्यामुळे तो स्वतःला थांबवत नाही.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत फाटलेली कड हवेला उघडी पडताक्षणीच तिच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. तो पत्र्याला घट्ट चिकटलेला आणि अखंड असतो, खरचटला तर पुन्हा तयार होतो. भोक जसेच्या तसे राहते, त्याची कड करडी होते, पण ते पसरत नाही. म्हणजे एकाची इजा पहिल्या दिवशी मोठी आणि नंतर जवळजवळ स्थिर, तर दुसऱ्याची पहिल्या दिवशी लहान आणि नंतर वर्षागणिक वाढणारी. दोघांची तुलना फक्त पहिल्या दिवशी करणे ही या प्रात्यक्षिकातली मुख्य उणीव आहे. ज्याला गाडी तीन वर्षांनी बदलायची आहे त्याला ती उणीव जाणवणार नाही. जो पंधरा वर्षे वापरणार आहे त्याने मात्र इथेच थांबून विचार करावा.

तरीही ॲल्युमिनियमला गंज नाही म्हणजे झीज नाही, असे समजणे धोक्याचे आहे. मिठातले क्लोराइड ऑक्साइडच्या थराला ठिकठिकाणी भेदते आणि पांढऱ्या भुकटीने भरलेले बारीक खड्डे पडतात. रंगाच्या कडेखाली धाग्यासारखी वळवळत जाणारी झीजही होते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे शेजारी ठेवलेले लोखंड. ॲल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की छोटा विद्युत घट तयार होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. कारखान्यातून निघताना पोलादी रिव्हेटांवर आणि बोल्टांवर यासाठी लेप दिलेला असतो. गाडी घरी आल्यावर मालक साधा लोखंडी बोल्ट घालून हत्यारपेटी तळाला आवळतो, आणि चार-पाच हिवाळ्यांनी त्या बोल्टभोवतीचा पत्रा पिठूळ झालेला आढळतो. दोष धातूचा म्हणून सांगितला जातो, पण तो जोडणीचा असतो. लेप दिलेला बोल्ट आणि खाली नायलॉनचा वॉशर एवढे केले तरी बहुतेक नुकसान टळते. तुटक्या लोखंडी तुकड्यांचा थर ओल्या ॲल्युमिनियमच्या हौद्यात महिनोन्‌महिने पडू देऊ नये, हेही त्याच कारणाने.

दुरुस्तीची बाजू

पोलादी तळाला भोक पडले किंवा गंजाने खाल्ले तर कोणत्याही साध्या गॅरेजमध्ये तुकडा कापून नवा वेल्डिंगने बसवता येतो. त्यात जस्ताचा मुलामा जळतो, म्हणून खालच्या बाजूने प्रायमर आणि रंग देणे विसरू नये. ही बाजू दिसत नसल्यामुळे ती बहुतेकदा राहून जाते आणि गंज नव्याने तिथूनच सुरू होतो. पोलादी पोचा ठोकून काढणेही सोपे असते.

ॲल्युमिनियमला वेगळी शिस्त लागते. हत्यारे वेगळी हवीत, कारण पोलादावर वापरलेल्या घासणीतले लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की तिथे झीज सुरू होते. कामाची जागा पडद्याने किंवा भिंतीने वेगळी करावी लागते आणि घासताना उडणारी बारीक धूळ स्फोटक असल्यामुळे ती शोषून घेण्याची खास सोय लागते. पोचा काढताना धातू हळुवार गरम करावा लागतो, नाहीतर तो तडकतो. तो तापून लाल होत नाही, त्यामुळे कारागिराला रंगावरून अंदाज येत नाही आणि तापमान मोजतच काम करावे लागते. वेल्डिंग करता येते, पण जोडाशेजारच्या पट्ट्यात भट्टीने दिलेला कठीणपणा निघून जातो. म्हणून कारखान्यासारखीच चिकटद्रव्य आणि रिव्हेटांनी ठिगळ लावण्याची पद्धत अधिक चांगली ठरते.

याचा खर्चावर परिणाम होतोच. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१५ साली ॲल्युमिनियमची २०१५ ची एफ-१५० आणि पोलादाची २०१४ ची एफ-१५० आलटून-पालटून एकमेकींवर ताशी दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर वेगाने आदळवली, तेव्हा ॲल्युमिनियमच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च २६ टक्क्यांनी अधिक भरला. हा आकडा टकरीचा आहे, हौद्यात दगड टाकण्याचा नाही, पण कामाचा तास आणि कौशल्य यांची किंमत त्यातून कळते. फोर्डनेही गाडीची रचना अशी केली होती की खराब झालेला भाग सुटा काढून नवा बसवता यावा. हौद्याच्या मालकासाठी निर्णायक प्रश्न मात्र फार साधा आहे. आपल्या जवळपास ॲल्युमिनियमचे काम येणारे गॅरेज आहे का? नसेल तर धातूचे बाकी सगळे गुण निरुपयोगी ठरतात.

अस्तर

आता प्रात्यक्षिकातल्या मोकळ्या हौद्याकडे परत येऊ. ज्याला रोज दगड आणि लोखंड वाहायचे आहे तो शहाणा मालक हौद्याला अस्तर लावतो. फवाऱ्याने मारलेले पॉलियुरेथेनचे अस्तर काही मिलिमीटर जाडीचे, रबरासारखे आणि पत्र्याला चिकटलेले असते. ते कोपऱ्याचा घाव मोठ्या जागेवर पसरवते, धक्का लांबवते आणि थोडी ऊर्जा स्वतः पचवते. दोन धातूंमधला फरक बहुतांशी बिंदूवर एकवटलेल्या ताणामुळे पडतो, त्यामुळे अस्तराचा लाभ ॲल्युमिनियमला जास्त होतो. मोठ्या दगडाने अस्तरासकट पत्रा फाटू शकतो, पण हत्यारपेटीसारखा ७० जूलचा घाव अस्तर असताना फारसा उरत नाही.

पोलादाला अस्तर वेगळ्या कारणासाठी हवे असते, ते म्हणजे रंग आणि जस्त अखंड ठेवण्यासाठी. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. प्लास्टिकचे तयार, नुसते वरून बसवायचे अस्तर पत्र्याला चिकटलेले नसते. त्याच्याखाली वाळू शिरते, गाडीच्या हादऱ्यांनी ती कानसेसारखी घासते आणि पाणी वाळायला वाव मिळत नाही. जुन्या पोलादी हौद्यातले असे अस्तर उचलून पाहावे. वरून तळ नव्यासारखा वाटत असतो, आणि खाली पन्हळींच्या खोबणीत ओल्या वाळूची रेघ दिसते. ती बोटाने सारली की प्रत्येक खोबणीच्या मध्यावर तपकिरी फोडांची माळ उठलेली असते आणि पेचकसाचे टोक दाबल्यास त्यांपैकी एखाद्यातून सरळ खाली जाते. हे भोक पाडायला ठोकळा लागलेला नसतो.

प्रकरणाचा निकाल

माझे मत असे आहे. अस्तर न लावता हौद्यात फोडलेला दगड, बांधकामाचा राडारोडा आणि लोखंडी भंगार वरून टाकणाऱ्याला, त्यातही मीठ न मारणाऱ्या कोरड्या प्रदेशात राहणाऱ्याला, पोलादी हौदा घ्यावा असे मी निःसंकोच सांगेन. त्याच्यासाठी २०१६ चे प्रात्यक्षिक अगदी नेमके आहे. खाऱ्या रस्त्यांवर गाडी दीर्घकाळ ठेवणाऱ्याला, गाडीच्या वजनाची मर्यादा गाठेपर्यंत माल लादणाऱ्याला आणि चिकटणारे अस्तर पहिल्या आठवड्यातच मारून घेणाऱ्याला ॲल्युमिनियमचा हौदा अधिक काळ साथ देईल. ज्याचा वापर या दोन्हींच्या मधे पडतो त्याने धातूपेक्षा अस्तर, बोल्ट आणि जवळचे गॅरेज यांचा आधी विचार करावा.

कंपन्यांनी पुढे काय केले ते या प्रकरणाच्या नोंदीत असायला हवे. फोर्डने माघार घेतली नाही आणि २०१७ च्या अवजड सुपर ड्युटी मालिकेलाही ॲल्युमिनियमचे शरीर दिले. शेव्हरोलेने २०१९ ची नवी सिल्व्हराडो १५०० आणली तेव्हा ती आधीपेक्षा ४५० पाउंडांपर्यंत हलकी होती. तिचा हौदा उच्चबल पोलादाचाच ठेवला होता, पण दरवाजे, बॉनेट आणि हौद्याचा फाळका ॲल्युमिनियमचे केले होते. त्याच काळात शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्याच जीएमसी सिएरा या पिकअपच्या वरच्या आवृत्त्यांसाठी कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा हौदाही उपलब्ध झाला. त्याला पोलादासारखा गंज चढत नाही आणि ॲल्युमिनियमसारखे खड्डेही पडत नाहीत. टोयोटाच्या टॅकोमाला तर २००५ पासूनच संमिश्र पदार्थाचा तळ होता. हात लावून उघडायच्या फाळक्यात हलकेपणा मोलाचा, म्हणून तिथे ॲल्युमिनियम, आणि दगड पडतो त्या तळाला पोलाद, अशी एकाच हौद्यातली वाटणी सिल्व्हराडोच्या अभियंत्यांनी केली.